साडूचं विमान

साडू या नात्याबद्दल लोक उगीच गोड बोलतात. दोन बहिणींचे नवरे म्हणजे जणू दोन सख्खे भाऊ, असं लग्नाच्या मांडवात कुणीतरी हमखास म्हणतं. म्हणणाऱ्याला साडू नसावा. मला आहे. दिंद्रुडच्या एकाच घरचे आम्ही दोघं जावई. मी थोरल्या मुलीचा नवरा, तो धाकटीचा. त्याला मी मनापासून पाण्यात पाहतो आणि तोही या कामात कुचराई करत नाही. इतक्या वर्षांत आमच्या वैराला कधी गंज चढला नाही. माझं सिरसाळ्यात बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, पण तेही मी एवढ्या निष्ठेनं चालवलेलं नाही.

आणि हे वैर मानपानातून, आहेरातून किंवा शेतीच्या वाटणीतून आलेलं नाही. ते लग्नाच्याही आधीचं आहे. ते एका विमानावरून आहे.

आम्हाला नुकती मिसरूड फुटत होती तेव्हाची गोष्ट. सिरसाळ्याच्या बाजारात एका पानपट्टीच्या मागं पत्र्याची खोली होती. आत टीव्ही, टीव्हीखाली पिवळं पडलेलं गेमचं खोकं आणि त्याला वायरीनं बांधलेले दोन रिमोट. बाजारच्या दिवशी पत्रा तव्यासारखा तापायचा. बकऱ्या विकायला आलेली पोरं आई-बापाची नजर चुकवून आत घुसायची आणि त्यांच्या अंगाला लागलेला बकऱ्यांचा वासही त्यांच्याबरोबर आत यायचा. तिथं मारामारीचे खेळ होते, मोटारींचे होते. माझा जीव जडला तो विमानाच्या खेळावर.

ज्यांनी तो खेळला नाही त्यांची मला कीव येते, म्हणून समजावून सांगतो. पडद्याच्या डाव्या अंगाला तुमचं इवलंसं विमान असतं, नाक उजवीकडं. मागचं आभाळ, डोंगर, भुयारं आपोआप डावीकडं सरकत राहतात, म्हणजे विमान पुढं निघालंय असं दिसतं. थांबायची मुभा नाही. मागं वळायची तर नाहीच. पडदा एस.टी.च्या कंडक्टरसारखा 'पुढं चला, पुढं चला' करत ढकलत राहतो आणि पुढं भिंत आली तर भिंतीच्या आणि पडद्याच्या कडेच्या मध्ये तुम्हाला चेंगरून टाकतो. समोरून शत्रूंच्या रांगा वळसे घेत येतात. त्यांनी शंभर गोळ्या झाडायच्या आणि तुम्ही सगळ्या चुकवायच्या, कारण एक लागली तरी कारभार आटोपला. गोळीच कशाला, डोंगराला नुसतं घासलं तरी आटोपला.

पण या खेळाचं खरं गुपित वेगळं. त्यात कोण कुठून येणार हे कायमचं ठरलेलं असतं. काल तिसऱ्या सुळक्यामागून जो निघाला, तो आजही तिथूनच निघणार. म्हणजे हा खेळ हातांचा कमी आणि पाठांतराचा जास्त. शाळेत मला सतराचा पाढा कधी आला नाही. पण दुसऱ्या भुयाराच्या छताला चिकटलेली तोफ कधी तोंड उघडते, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

मधूनमधून एक वेगळ्या रंगाची रांग येते. ती पूर्ण मारली की चकाकणारी गोटी तरंगत राहते. ती गिळली की विमानाला काही ना काही लाभतं. कधी वेग, कधी दुहेरी गोळी, कधी आरपार जाणारा किरण. सगळ्यात भारी म्हणजे दोन तेजस्वी गोळे. ते तुमच्या मागंमागं फिरतात, तुम्ही वर गेलात की वर, खाली आलात की खाली, आणि तुम्ही गोळी झाडली की तेही झाडतात. पुढाऱ्याच्या मागचे कार्यकर्ते डोळ्यांपुढं आणा, म्हणजे आणखी काही सांगायला नको. पण एकदा मेलात की किरण गेला, वेग गेला, गोळेही गेले. ऐन शत्रूंच्या गर्दीत पुन्हा मुगाच्या दाण्याएवढ्या एका गोळीवर सुरुवात. निवडणुकीत पडलेल्या माणसाचं अंगण दुसऱ्या दिवशी सकाळी जसं दिसतं, तसं ते विमान दिसतं.

दोघांनी मिळूनही हा खेळ खेळता येतो. दोघं एकाच बाजूचे, दोघांना मोजके जीव. पण त्यात एक नियम असा आहे, की ज्यानं तो घातला त्याला साडू नक्की असावा. तुमचे जीव संपले आणि जोडीदाराचे शिल्लक असले, तर बटण दाबून त्याचा एक जीव काढून घ्यायचा. त्याला विचारायचं नाही. त्याचा एक कमी होतो आणि तुम्ही ताजेतवाने परत.

एका बाजारच्या दिवशी असाच एक रुंद हाडाचा, माझ्याहून थोडा मोठा पोरगा माझ्या शेजारी बसला आणि त्यानं न विचारता दुसरा रिमोट उचलला. मी मारलेल्या रांगांच्या गोट्या त्यानं गिळल्या. तो मेला. त्यानं माझा जीव घेतला. पुन्हा मेला, पुन्हा घेतला. शेवटच्या राक्षसापर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदा पोचलो, तेव्हा माझ्या पदरात काहीच उरलं नव्हतं. मला गोळी लागली. त्यानं माझ्याच जिवावर राक्षस पाडला आणि खोलीतल्या पोरांनी त्याच्या नावानं शिट्ट्या मारल्या.

"चोर हायस तू," मी म्हणालो.

"गेम हाय बे," तो म्हणाला. "रडतो कावून?"

त्यानंतर बाहेर बांधलेल्या बकऱ्यांच्या मधोमध आम्ही एकमेकांना यथेच्छ लोळवलं. तो कोण, कुठला, हे विचारायची मला गरज वाटली नाही. चेहरा मात्र पाठ झाला.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. सासऱ्यांची मेंढरं होती, मुली दोन होत्या आणि आमच्याकडं रीत आहे तशी दोन्ही लग्नं एकाच मांडवात लावायचं ठरलं. दुसरा नवरदेव मी आधी पाहिला नव्हता. मुंडावळ्या बाजूला करून मी शेजारच्या पाटाकडं पाहिलं. शेजारच्या मुंडावळ्याही बाजूला झालेल्या होत्या. तोच रुंद जबडा, तेच डोळे.

"तू हायस व्हय बे," तो पुटपुटला.

मंगलाष्टकं सुरू होती. मला पाटावरून उतरून जाता आलं असतं तर मी गेलो असतो. पण अंतरपाटाच्या पलीकडं जी उभी होती ती मला पसंत होती. तर अंतरपाट दूर झाले, आणि या गृहस्थानं कासवासारखी मान अशी पुढं काढली की पहिला हार त्याच्या गळ्यात पडला. बस्स. तेव्हापासून त्याचं म्हणणं एकच: हार आधी मला पडला, वयानं मोठा मी, म्हणजे थोरला जावई मी. आणि माझं म्हणणं, थोरलीचा नवरा तो थोरला, मग त्याचं वय काहीही असो. हे साऱ्या मराठवाड्याला कळतं, त्या एकट्याला कळत नाही. सासूबाई बिचाऱ्या तेव्हापासून आम्हाला ओवाळायला कधी एकट्या येत नाहीत. एक ताट त्यांच्या हातात, एक शेजारणीच्या, आणि दोघी एकदम.

आता यंदाची गोष्ट. अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिकात जावयांना धोंड्याचं जेवण असतं, पुरण भरलेले धोंडे आणि त्यांच्यावर तुपाची धार. आम्ही दोघं एकाच दिवशी दिंद्रुडला हजर झालो, कारण आधी जाऊन दुसऱ्याला मोकळं रान देण्याएवढे आम्ही दोघंही भोळे नाही. साडू आता त्याच्या गावच्या सोसायटीचा माजी चेअरमन आहे. सासुरवाडीलाही तो दोन माणसं मागं घेऊनच येतो. तो बसला की ती बसतात. तो हसला की ती हसतात. मला दर वेळी ते दोन तेजस्वी गोळेच आठवतात.

जेवणं झाल्यावर मामा, म्हणजे आमचे सासरे, आतून एक घोंगडी घेऊन आले. काळीभोर, काठाला पांढरी रेघ. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं त्यांनी गेल्या साली सगळी मेंढरं विकली होती. शेवटच्या कातरणीची लोकर तेवढी ठेवली होती आणि तिची ही एकच घोंगडी झाली होती.

"पाव्हणं," ते दोघांनाही उद्देशून म्हणाले, "आता पुन्हा हुनार न्हाई असली. एकच हाय. थोरल्या जावयाचा मान म्हणून देतो."

आणि एवढं बोलून त्यांनी ती आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये, सतरंजीवर ठेवली आणि तंबाखू मळायला घेतली.

उन्हानं बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. पंखा गरम हवा फिरवत होता. अंगावर साधी चादर सहन होणार नाही अशा त्या दुपारी दोन प्रौढ माणसं एका लोकरीच्या घोंगडीकडं अशी बघत होती, की जणू बाहेर बर्फ पडतंय.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं मला खुणावलं. मी गेलो. तिनं माझी बाही धरली.

"आवो, मी सांगायची ती काळी मेंढी आठवती का? मी लहानपणी बाटलीनं दूध पाजून जगवलेली? तिच्याच लेकी-नातींची लोकर हाय ती. मेंढरं रानात बसवली की आमी दोघी बहिणी अन् आबा एका घोंगडीत झोपायचो. ती आपल्या घरी आली पायजे. काय बी करा, पण भांडू नका."

आता या दोन अटी एकदम कशा पाळायच्या, ते तिनं सांगितलं नाही.

मी परत येईस्तोवर साडूनं पिशवीतून एक वस्तू काढली होती. हल्ली ती मिळते बाजारात. बोटाएवढी काळी डबी टीव्हीच्या मागं खोचायची, की तिच्यात जुने झाडून सगळे खेळ. दोन रिमोट, आता बिनवायरीचे.

"काय साडूभाऊ," तो म्हणाला, "आठवतंय का? तोच गेम हाय. शेवटचा राक्षस जो पाडंल, तो थोरला. घोंगडी त्याची. मामांना न्यायनिवाडा करायला लावायचा कावून?"

त्याच्या अंगठ्याला ताजा घट्टा होता. मी पाहिला. म्हणजे महिनाभर हा माणूस घरी बसून सराव करत होता आणि डबी मुद्दाम आणली होती! मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला पाणी प्यालो. हाताचा सराव करून आला होता गाढव. पाठांतराचं काय?

पहिला रिमोट कुणी घ्यायचा यावर थोडी रस्सीखेच झाली. ती त्यानं जिंकली. त्याचं विमान लाल, माझं निळं. मामा खुर्ची ओढून पुढं बसले. कार्यकर्ते साडूच्या मागं.

"हे थांबत न्हाई व्हय?" मामांनी थोड्या वेळानं विचारलं.

"न्हाई मामा."

"अन् मागं बी वळत न्हाई?"

"न्हाई."

"मेंढरू बी वळतंय रे बाबा," मामा म्हणाले.

पहिल्याच रांगेपासून साडूनं जुना धंदा सुरू केला. मी रांग मारावी आणि गोटी त्यानं गिळावी. "भाऊ, खाली! भाऊ, गोटी!" असा मागून गजर. मामा बारकाईनं बघत होते.

"तुमी दोघं एकाच बाजूचं ना?"

"व्हय मामा."

"मग हे पाव्हणं तुमचं कावून खात्यात?"

"इचारा त्यांनाच," मी म्हणालो.

पण मी त्याला खाऊ देत होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक गोट्या वेगाच्या असतात. वेग थोडा असला की बरा. पण एकावर एक घेत गेलं की विमान हाताखाली राहत नाही. बटणाला जरा बोट लागलं की पार दुसऱ्या टोकाला. मी वेगाच्या सगळ्या गोट्या साडूला सोडल्या. मध्ये एकदा तर "घ्या, तुमीच घ्या" असंही म्हणालो.

"काय पळतंय भाऊचं विमान!" एक कार्यकर्ता म्हणाला.

"पळू द्या," मी म्हणालो. "भुयार आलंच आता."

भुयार आलं. छत खाली उतरलं, जमीन वर चढली, मध्ये वीतभर वाट. साडूनं वर जायला बोट टेकवलं आणि त्याचं विमान, किरणासकट, गोळ्यांसकट, सरळ छतावर जाऊन आदळलं. परत आलं ते मुगाच्या दाण्यासह. मग जमिनीवर आदळलं. मागचा गजर थांबला.

"अरेरे, साडूभाऊ," मी म्हणालो. एवढं दुःख मी कुणाच्या मयतीतही दाखवलेलं नाही.

"बोलू नको बे," तो दात खात म्हणाला. सासऱ्यांच्या समोर 'बे' निघालं, म्हणजे जखम खोल होती.

पुढचा टप्पा उघड्या आभाळाचा. तिथं समोरून इतकी गर्दी येते की कच्चा खेळाडू पार डाव्या कडेला जाऊन बसतो. तिथं त्याला सुरक्षित वाटतं. साडू तिथं बसला. मी हळूच पडद्याच्या मध्यभागी सरकलो. का, ते मला माहीत होतं. इतका वेळ जे समोरूनच येत होते, ते त्या टप्प्यात एका ठिकाणी काही न सांगता मागून येतात. आले. त्याचं विमान कधी फुटलं हे त्यालाही कळलं नाही.

"मागून मारत्यात व्हय!"

"तुमाला तर सवय असंल," मी म्हणालो. "राजकारणात हाय ना तुमी."

मामा खाकरले. मला वाटतं ते हसले. कार्यकर्तेही हसले, मग त्यांना आठवलं की हसायचं नाही.

इथं त्याचे जीव संपले. पडद्यावर त्याच्या नावाखाली शून्य, माझ्या नावाखाली भरपूर. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. पत्र्याच्या खोलीतला तो वास एकदम माझ्या नाकात भरला. त्यानं बटण दाबलं. टुंग असा आवाज झाला आणि माझा एक जीव गेला.

"मामा!" मी ओरडलो. "बघा, ह्यांनी माझा जीव घेतला!"

मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी तर धडधाकट बसलाय की."

त्यानंतर साडू मेला की टुंग, मेला की टुंग. माझी सगळी पुंजी मेंढीच्या लोकरीसारखी कातरली जाऊ लागली. माझ्याकडं हातातल्या विमानाखेरीज काही उरलं नाही, आणि नेमका तेव्हाच गुण वाढल्याबद्दल खेळानं साडूला एक जीव बक्षीस दिला. आता माझ्या हुशारीची कमाल ऐका. जोडीदाराचा जीव घ्यायचा तर आधी आपण मेलेलं असलं पाहिजे. मी पूर्ण शुद्धीत, रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून, माझं चांगलं चालतं विमान समोरच्या डोंगरावर नेऊन आपटलं. टुंग. बक्षिसाचा जीव माझा.

"अन् हे काय?" साडू उठून उभा राहिला. "मुद्दाम मेला हा! मामा, ह्यानं जीव दिला माझा जीव घ्यायला!"

"गेम हाय बे," मी म्हणालो. "रडतो कावून?"

हे वाक्य परत करायला मला इतकी वर्षं थांबावं लागलं होतं. ते मी चवीनं म्हटलं. गरमागरम धोंड्यावर तूप सोडतात तसं, हळूहळू.

तर अशा रीतीनं आम्ही दोघं शेवटच्या राक्षसासमोर पोचलो. लाल अक्षरं लुकलुकली, भोंगा वाजला, संगीत बदललं आणि अर्धा पडदा व्यापणारं यंत्र उजवीकडून आत आलं. चारी बाजूंनी तोफा, आणि छातीच्या मधोमध एक लखलखणारा दिवा. तेच त्याचं काळीज. बाकी कुठंही मारा, फरक पडत नाही. या खेळांत सगळ्याच राक्षसांचं असं असतं. एवढं अवाढव्य यंत्र बांधणारे नेमकं काळीज उघडं का ठेवतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. काळजावर झडप असते. ती किरण सोडायच्या वेळी तेवढी उघडते. म्हणजे मारायची वेळ आणि मरायची वेळ एकच, जागाही एकच.

दोघं असले की याचा उपाय सोपा आहे. एकानं खाली जाऊन तोफांना आपल्याकडं ओढायचं, दुसऱ्यानं तेवढ्यात काळीज फोडायचं. पत्र्याच्या खोलीतल्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक होतं. आम्हालाही होतं.

"तू खाली जा," साडू म्हणाला.

"तुमी जा. तुमी धाकटे."

"थोरला मी हाय."

"मग थोरल्यानं त्याग करावा."

कुणीच गेलं नाही. दोन्ही विमानं काळजाच्या समोर, एकाच रेषेत, जवळजवळ एकमेकांवर चढून उभी राहिली. दोघंही बटणं बडवत होतो. दिवा पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल झाला, आता फुटणारच होता. झडप पूर्ण उघडली. किरण येणार हे मला पाठ होतं. जरा बोट हलवलं असतं तर मी वाचलो असतो. पण मग शेवटची गोळी साडूची लागली असती. मी शेजारी पाहिलं. त्याचंही बोट हललं नाही. त्यालाही हेच पाठ होतं.

किरण आला. निळं गेलं, लाल गेलं. राक्षस तसाच.

वाचणाऱ्याला वाटलं असेल की आता लाईट जाईल आणि सगळे सुटतील. दिंद्रुडची लाईट त्या दुपारी हट्टानं टिकून राहिली. पडद्यावर मोठा आकडा उमटला आणि उलटा उतरू लागला. तो शून्यावर यायच्या आत बटण दाबलं तर खेळ पुढं चालू होतो. पण त्या डबीत तशी संधी एकच शिल्लक होती आणि ती जो आधी दाबेल त्याची. मी दाबायला गेलो तर साडूनं माझं मनगट धरलं. तो दाबायला गेला तर मी त्याचा अंगठा पिरगाळला. कपाळाला कुंकू, डोक्यावर आहेराच्या नव्या कोऱ्या टोप्या, आणि आम्ही सतरंजीवर आडवे. एक कार्यकर्ता मदतीला धावला आणि चुकून साडूच्याच हातावर बसला. आकडा खाली खाली येत गेला. शून्य झालं. पडदा काळा.

बायका दारात येऊन उभ्या होत्या.

मामा उठले. त्यांनी घोंगडी उचलून मांडीवर घेतली आणि खिशातून तंबाखूच्या डबीबरोबरचा छोटा चाकू काढला. घोंगडी एका पन्ह्यात होत नाही, हे खूप लोकांना माहीत नसतं. माग अरुंद असतो. दोन लांब पट्ट्या विणतात आणि मधोमध लोकरीच्याच धाग्यानं जोडतात. मामांनी ती जोडाची शिवण बोटानं चाचपली आणि चाकूचं टोक तिच्यात घातलं.

"कुणी एकानं म्हणावं," ते म्हणाले, "की त्याला द्या. मग म्या थांबतो."

आता तुम्हाला वाटेल मी म्हणालो असेन. मी साडूकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा तसाच एक आकडा आमच्या दोघांमध्ये उलटा उतरत होता आणि या वेळी बटण दोघांच्याही जिभेवर होतं. बायकोचे डोळे माझ्या पाठीला टोचत होते. मामांचा चाकू थांबलेला होता. साडूचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि तो आधी बोलून मोठेपणा मिळवतो की काय, या भीतीनं मी त्याच्या तोंडावर नजर रोखली. पण नाही. माणूस माझ्या तोलाचा आहे. तोंड घट्ट मिटून बसला.

चाकू चालला. टर्र टर्र करत शिवण उसवत गेली. लोकरीचा काळा भुगा मामांच्या धोतरावर पडला. एक पट्टी त्यांनी माझ्यापुढं टाकली, एक त्याच्यापुढं.

"दोघं बी थोरले," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पुढच्या धोंड्याला ह्यांना वरणभात घाला," एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बायको मोटारसायकलवर माझ्या मागं बसली होती. पण माझ्या खांद्याला धरलं नाही, सीटच्या कडीला धरलं. पट्टी तिच्या मांडीवर होती. सिरसाळा दिसायला लागल्यावर ती बोलली.

"मेंढरं बरी तुमच्यापेक्षा. ती पांगली तरी एकमेकीला हाक मारत्यात."

मी म्हणालो, "पण त्याला मिळाली का? न्हाई ना?"

त्यावर तिनं सीटची कडीही सोडली आणि हाताची घडी घातली.

दोन्ही बहिणींनी नंतर फोनवर ठरवलं की दोन्ही पट्ट्या परत जोडायच्या आणि घोंगडी एक साल इकडं, एक साल तिकडं ठेवायची. मी विचारलं, पहिलं साल कुणाकडं? तिकडं साडूनंही हेच विचारलं, असं कळलं. बेत तिथंच मोडला.

आता थंडी पडली आहे. पट्टी बायकोनं मला दिली, रागानं. लांबीला ती पुरते, डोक्यापासून पायापर्यंत. रुंदीला मात्र उताणं, हात छातीशी बांधून, तिरडीवरच्या माणसासारखं झोपावं लागतं. जरा कूस वळलो की पाठ उघडी पडते आणि गार वारा मणक्यातून उतरतो. परवा सकाळी बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. "तुझ्या दाजींची पाठ धरलीय गं," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि ती खो खो हसली. "काय सांगतीस? त्यांची बी?"

मी कान टवकारले. साडूचीही धरली होती. उताणा झोपतो म्हणे, आणि मध्येच वळला की कण्हतो.

शेकायची पिशवी पाठीशी घेऊन मी बसलो होतो. ती मी बाजूला ठेवली. गरज नव्हती.